लिलावांत निघालेली मोटार

‘लिलाव’ हा शब्द मराठींत आला तो पोर्तुगिजांच्या गलबतांतून. त्यांच्या ‘लेइलांव’चा आपल्या तोंडीं लिलाव झाला, विदर्भाकडे त्याच अर्थाचा, अरबी मुळाचा ‘हर्रास’ आजही चालतो. शब्द कोठलाही असो, सुशिक्षित गृहस्थाच्या घरांत त्याचा उच्चार आनंदानें झाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. लिलाव म्हणजे सावकाराचा हुकूमनामा, दारांत उभा राहिलेला बेलिफ आणि ओसरीवर मांडून ठेवलेलीं घरचीं भांडीं. आमची आजी तिच्या माहेरच्या गांवीं पाहिलेला असा एक लिलाव सांगत असे. देवापुढच्या समईची बोली लागली तेव्हां त्या घरची मालकीण माजघरांतून बाहेर आली नाहीं, एवढेंच ती सांगे आणि गप्प होई.

म्हणून अमेरिकेंतील मिशिगन प्रांतीं राहणाऱ्या आमच्या धाकट्या काकांनीं आपली पन्नाशी उलटलेली मोटार लिलावानें विकण्याचें जाहीर केलें, तेव्हां काकूंचा चेहरा उतरला. त्या देशांत अर्धशतक काढूनही त्यांच्या मनांतला तो शब्द आजीच्याच गांवचा राहिला होता. “लिलाव दिवाळखोराच्या घरीं होतो,” त्या म्हणाल्या. “आपल्यावर अशी कोणती वेळ आली आहे?” आम्ही गेल्या उन्हाळ्यांत दोन महिने त्यांच्याकडे होतों. जें घडलें तें डोळ्यांनीं पाहिलें, आणि लिलावाविषयींचें आमचेंही मत बदललें. तो सर्व प्रकार वाचकांपुढें मांडावा, इतकाच या लेखाचा हेतु.

कुटुंबाएवढी गाडी

गाडी होती १९७२ सालची ब्युइक इलेक्ट्रा २२५. यांतील २२५ हा आंकडा म्हणजे इंच. १९५९ सालीं हें नांव प्रथम निघालें तेव्हां गाडीची लांबीच सुमारें तितकी होती, म्हणजे पावणेएकोणीस फूट. आपल्याकडील लहान मोटारी चार मीटरांच्या आंत बसतात. ही साडेपांच मीटरांच्याही पलीकडे जाई. एंजिन ४५५ घन इंचांचें, म्हणजे सुमारें साडेसात लिटरांचें. वजन दोन टनांच्या घरांत. अमेरिकन लोक अशा गाडीस ‘पूर्ण मापाची’ म्हणत. १९६० च्या सुमारास तेथें लहान मापाच्या गाड्या निघूं लागल्या, आणि मग पूर्वीच्या साध्या गाडीस हें विशेषण लावण्याची गरज पडली.

काका नोकरीनिमित्त १९६९ सालीं तिकडे गेले. ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं अमेरिकेस तेल देणें बंद केलें. पेट्रोलच्या पंपांपुढें रांगा लागल्या. पुढील जानेवारींत सर्व देशभर तासास ५५ मैलांची वेगमर्यादा घालण्यांत आली. गॅलनमागें दहाबारा मैल जाणाऱ्या या अवजड गाड्या लोकांस नकोशा झाल्या, आणि त्यांच्या किमती कोसळल्या. काकांनीं ती संधि साधली. १९७४ च्या वसंतांत शेजाऱ्याची दोन वर्षें वापरलेली ब्युइक त्यांनीं विकत घेतली. तेव्हां तिचे २६,००० मैल झालेले होते. तिकडचे लोक मोठ्या गाड्या काढून टाकीत असतां हा नवखा मनुष्य मोठी गाडी घेतो, याचें सर्वांस नवल वाटलें. काकांचें गणित निराळें होतें. गाडींत पुढें एक आणि मागें एक अशा सलग बाकासारख्या दोन बैठकी होत्या. तीन अधिक तीन, अशीं सहा मोठीं माणसें सहज बसत, मुलें मांडीवर. १९७८ सालीं मधले काका सहकुटुंब तिकडे गेले आणि दोन वर्षें त्यांच्याच घरीं राहिले, तेव्हां सर्व बिऱ्हाड एकाच गाडींतून देवदर्शनास जाई. १९८१ सालीं आजी गेली. ती पुढल्या बाकावर नऊवारी सांवरून चक्क मांडी घालून बसत असे. मोटारींत मांडी घालतां येते, एवढ्या एका गोष्टीवर अमेरिकेचे सारे दोष तिनें माफ केले होते.

पुढें काळ बदलला. १९७७ पासून जनरल मोटर्सनें आपल्या मोठ्या गाड्या जवळ जवळ फूटभर आंखूड आणि शेंकडों पौंडांनीं हलक्या केल्या. एका बिऱ्हाडाचीं दोन झालीं, मुलें पांगलीं. मिशिगनांत हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या पोटांतच मिठाची मोठी खाण आहे. तें मीठ गाडीचा तळ खाऊन टाकतें. काकांनीं रोजच्या कामास दुसरी लहान गाडी घेतली आणि ब्युइकला हिवाळाभर घरांतल्या गराजांत ठेवण्याचा नेम केला. तो शेवटपर्यंत मोडला नाहीं.

चांगल्या मालास वाईट मालाचा भाव

आतां काकांची दृष्टि मंदावली आहे. घर विकून मुलाजवळ राहावयाचें ठरलें, आणि तेथें एवढ्या गाडीस जागा नाहीं. प्रथम एका व्यापाऱ्यास बोलाविलें. त्यानें गाडीभोंवतीं एक फेरी मारली, बॉनेट उघडून मिटलें, आणि जी किंमत सांगितली ती ऐकून काका कांहीं बोलले नाहींत. गाडी इतकी जपलेली असतां हा असा भाव कां सांगतो, म्हणून आम्हांस राग आला. विचारान्तीं वाटलें कीं, त्या बिचाऱ्याचाही फारसा दोष नसावा.

या प्रश्नाचा उलगडा जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं एका प्रसिद्ध निबंधांत केलेला आहे, आणि त्यानें उदाहरण घेतलें तें जुन्या मोटारींचेंच. विकणाऱ्यास आपली गाडी आंतून कशी आहे हें ठाऊक असतें, घेणाऱ्यास नसतें. म्हणून घेणारा मधला भाव देऊं करतो. मधल्या भावांत चांगल्या गाडीचा मालक नुकसानींत जातो, तेव्हां तो बाजारांतून निघून जातो. मग बाजारांत खराब गाड्याच अधिक उरतात, भाव आणखी उतरतो, आणि आणखी कांहीं चांगले मालक निघून जातात. निबंधाच्या नांवांतच त्यानें ‘लिंबू’ हा शब्द घातला, कारण अमेरिकन बोलींत आंतून नासक्या निघालेल्या गाडीस लिंबू म्हणतात. या विचाराबद्दल त्यास २००१ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. सारांश असा कीं, पन्नास वर्षांची निगा जर घेणाऱ्यास दिसत नसेल, तर बाजाराच्या दृष्टीनें ती नाहींच. मग ती दाखवावयाची कशी?

येथें इंटरनेटवरील लिलावघरांचा उपयोग होतो. १९९५ सालीं पिअर ओमिड्यार यानें जें लिलावघर काढलें व ज्याचें पुढें ‘ईबे’ झालें, त्यांत अगदीं आरंभीं विकली गेलेली वस्तु म्हणजे प्रकाशाचा ठिपका पाडणारी एक मोडकी कांडी. ती मोडकी आहे हें स्पष्ट लिहिलेलें होतें, तरी तिला १४ डॉलर ८३ सेंट आले. पुढें केवळ जुन्या मोटारींचीं निराळीं लिलावघरें निघालीं. त्यांपैकीं ‘ब्रिंग अ ट्रेलर’ हें २००७ सालीं विक्रीच्या गाड्यांची नुसती यादी म्हणून सुरू झालें, आणि २०१४ पासून स्वतः लिलाव करूं लागलें. अशा ठिकाणीं गाडी सामान्यतः सात दिवस बोलीस असते. मालकानें दीडदोनशें छायाचित्रें द्यावीं, तीं केवळ बाहेरून चकचकीत नव्हेत, तर तळाचीं, डिकीच्या कोपऱ्यांचीं, फाटलेल्या अस्तराचीं. कोणीही अनोळखी मनुष्य सर्वांदेखत प्रश्न विचारूं शकतो, आणि मालकानें सर्वांदेखत उत्तर द्यावें. मालकास हवी तर तो एक राखीव किंमत ठरवितो. बोली तेथवर न पोंचल्यास विक्री होत नाहीं.

हे प्रश्न विचारणारे लोक मोठे जाणते असतात. गाडीच्या क्रमांकांतील तेरा अक्षरांवरून ते तिची कुंडली मांडतात. आरंभींचा चार म्हणजे ब्युइक, पुढला दोन म्हणजे १९७२, आणि एच म्हणजे फ्लिंट गांवचा कारखाना. टायरवर कोरलेल्या चार आंकड्यांवरून तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यांत तयार झाला हें ते सांगतात. पत्र्यावर लोहचुंबक फिरवा म्हणतात. जेथें तो चिकटत नाहीं तेथें गंजाचें भोंक लुकणानें बुजविलेलें असतें. रात्रभर थंड पडलेलें एंजिन सकाळीं प्रथम सुरू करतांनाचा आवाज ऐकवा, असेंही मागणें येतें. मुलीस पाहावयास आलेल्या मंडळींनीं पूर्वी इतकी चौकशी केली नसेल!

पांच आंकड्यांचा पेंच

सर्व तयारी आमच्या चुलतभावानें केली. छायाचित्रें काढतां काढतां तो मैलदर्शकापाशीं आला आणि थांबला. त्यावर ४१,००० आणि वर कांहीं शें इतका आंकडा होता. त्या काळच्या यंत्रास मैलांचीं पांचच घरें. ९९,९९९ नंतर तें पुन्हां शून्यापासून चालूं लागतें. गाडी वस्तुतः १,४१,००० मैल चाललेली होती. पण तिचें रूप, बैठकीचें कापड, दारांचा बसका आवाज पाहून कोणीही ४१,००० वर विश्वास ठेवला असता. आणि या दोन आंकड्यांतील फरक म्हणजे किमतींतील फार मोठा फरक.

अमेरिकेंत १९७२ च्या कायद्यानें विक्रीच्या वेळीं मैल लिहून देणें बंधनकारक झालें. पण जुन्या गाड्यांना त्यांतून सूट आहे, आणि ही गाडी त्या सुटींत बसत होती. चुलतभाऊ कांहीं लबाड मनुष्य नाहीं. तो इतकेंच म्हणाला, “बाबा, आपण खोटें लिहावयाचें नाहीं. यंत्राचें चित्र द्यावयाचें आणि गप्प राहावयाचें. ज्याला विचारावयाचें तो विचारील.” हा पैसा शेवटीं काकाकाकूंच्याच म्हातारपणास उपयोगी पडणार होता, हेंही खरें. आम्ही तेथें बसलेले असून कांहीं बोललों नाहीं. मनांतून आम्हांसही त्याचें म्हणणें पटूं लागलें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “न बोलणें आणि खोटें बोलणें यांत अंतर आहे रे. पण तें विकणाऱ्याच्या बाजूनें दिसतें. घेणाऱ्याच्या बाजूनें दिसत नाहीं.” आणि काठी घेऊन उठले. कपाटांतून त्यांनीं चार जाड वह्या आणल्या.

गाडी घेतल्या दिवसापासून प्रत्येक वेळीं पेट्रोल भरलें कीं तारीख, मैल, गॅलन आणि दाम त्यांनीं त्या वह्यांत मांडले होते. तेल बदललें, ब्रेक केले, कार्ब्युरेटर साफ केला, सर्व नोंदलेलें. आणि आंकडे सारे देवनागरींत. मधून मधून दुसऱ्या ओळी होत्या. ‘आज आईचें पत्र.’ ‘धाकट्यास गोंवर, गाडी जागेवर.’ नोव्हेंबर १९८८ च्या एका पानावर, दिवाळीच्या दिवसांत, पांच शून्यें मांडून पुढें लिहिलें होतें, ‘आज शून्य झालें. मुलांनीं टाळ्या वाजविल्या.’ चुलतभावानें तें पान वाचलें. मागल्या बाकावर टाळ्या वाजविणारांत तोही होता. त्यानें वही मिटली, आणि गाडीच्या माहितीच्या पहिल्याच ओळींत ‘एक लक्ष एकेचाळीस हजार मैल, यंत्र एकदां फिरलेलें’ असें लिहिलें. खालीं वहींतल्या पानांचीं चित्रें जोडलीं.

सात दिवस

पहिल्या दिवशीं बोली झपाट्यानें चढली, आणि व्यापाऱ्याच्या आंकड्याच्या अलीकडे येऊन थबकली. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीं हालचाल नाहीं. काकूंनीं उघड कांहीं म्हटलें नाहीं, पण जेवणाच्या वेळीं भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षां मोठा होता. चौथ्या दिवशीं एकानें विचारलें, वहींतली ही लिपि कोणती? चुलतभाऊ कामावर गेलेला. काकूंनींच आम्हांकडून उत्तर लिहवून घेतलें कीं, ही देवनागरी, आमची मराठी हींत लिहितात. आणि तुम्ही जे आंकडे वापरतां ते मूळ आमच्याच देशांतून अरबांमार्फत तुमच्याकडे आलेले आहेत. त्या उत्तरानें चर्चेस निराळाच रंग चढला. कोणी एक पान मागितलें, कोणी दुसरें. बैठकीवर आच्छादन होतें काय, या प्रश्नास काकूंनीं आपण स्वतः शिवलेल्या खोळींची हकीकत सांगितली. गॅलन आणि मैल यांचा भागाकार करून एका गृहस्थानें कळविलें कीं, या गाडीचें एंजिन पन्नास वर्षांत फारसें खादाड झालेलें नाहीं. घरांत वीस वर्षें जें कोणी वाचलें नव्हतें, तें शेंकडों अपरिचित माणसें लक्ष देऊन वाचीत होतीं. काकूंच्या तोंडून त्यानंतर ‘दिवाळखोर’ हा शब्द आम्हीं ऐकला नाहीं.

लिलावाचा शेवट कसा करावा, हाही एक शास्त्राचा विषय आहे. घड्याळाचा ठोका ठरलेला असेल, तर चतुर लोक शेवटच्या क्षणापर्यंत दबा धरून बसतात आणि दुसऱ्यास उत्तर देण्यास अवधि न ठेवतां बोली टाकतात. आल्विन रॉथ व अ‍ॅक्सेल ऑकनफेल्स यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें कीं, शेवटच्या बोलीबरोबर मुदत वाढविली तर हा दबा बराच कमी होतो. मोटारींच्या लिलावघरांतील नियम याच धर्तीचा आहे. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली कीं घड्याळ पुन्हां दोन मिनिटांवर जातें. आपल्या मंडईंतल्या लिलावांत ‘एकवार, दोनवार’ म्हणून दलाल जो थांबतो, तोच हा थांबा.

सातव्या दिवशीं संध्याकाळीं सर्व घर एका पडद्यापुढें बसलें. घड्याळ सहा वेळां मागें गेलें. पूर्वींची व्यापाऱ्याची किंमत केव्हांच मागें पडली होती. शेवटचा आंकडा येथें सांगणें गृहस्थास शोभणार नाहीं; इतकेंच सांगतों कीं, तो व्यापाऱ्याच्या आंकड्याच्या दुपटीहून थोडा अधिक भरला. ४१,००० चा दावा करून आणखी मिळाले असते काय? कदाचित् मिळाले असते. पण गाडी घेणारे ओहायोंतील एक शिक्षक होते, आणि ते फोनवर म्हणाले कीं, कमी मैलांच्या दोन गाड्या त्यांनीं यापूर्वीं सोडून दिल्या होत्या. कारण मैल खरोखरच कमी आहेत, याचा पुरावा कोणाजवळच नव्हता.

आपल्या वाड्यांतल्या गाड्या

हें सर्व दूरदेशचें म्हणून वाचकांनीं सोडून देऊं नये. अमेरिकन मोटार आपल्यास परकी नाहीं. १९२८ सालींच जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. कुर्ल्यास तयार झालेल्या फियाट तर कित्येक वाड्यांत आजही आजोबांची आठवण म्हणून उभ्या आहेत. २०२१ सालीं केंद्र सरकारनें केलेल्या नियमांप्रमाणें प्रथम नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेल्या, मूळ स्वरूप राखलेल्या आणि व्यापारी कामास न वापरल्या जाणाऱ्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी मिळूं शकते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती दहा वर्षें चालते, आणि क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात.

आमचें सांगणें एवढेंच आहे. गाडी विकावयाची असो वा ठेवावयाची, तिचे कागद आजपासून एका जागीं ठेवा. दुरुस्तीची पावती फेंकूं नका. दोष असतील ते घेणाऱ्यानें शोधण्यापूर्वीं आपण लिहा. आणि पैसे आपल्या बँकेंत प्रत्यक्ष जमा झाल्याशिवाय मालकीच्या कागदावर सही करूं नका. पाहुणा कितीही सभ्य दिसो, नुसत्या चेकावर गाडी सोडूं नका. पहिल्या गोष्टींत काकांनीं आम्हांस शिकविलें, शेवटच्या गोष्टींत बँकेच्या कारकुनानें.

शिक्षकमहाशय ठरल्या दिवशीं आले. मिशिगनांत नंबराची पाटी गाडीबरोबर जात नाहीं, ती मालकाजवळ राहते. म्हणून काकांनीं स्वतः बसून ती सोडविली. हात कांपत होता, पण स्क्रू दुसऱ्या कोणास काढूं दिले नाहींत. काकूंनीं गाडीस हळदकुंकू लाविलें आणि तें कशासाठीं हें त्या गृहस्थास समजावून सांगितलें. त्यांनीं टोपी काढून हातांत धरली. मग थोडें संकोचून त्यांनीं विचारलें, वह्या मिळतील काय?

काकांनीं काकूंकडे पाहिलें. दुरुस्तीच्या सर्व पावत्या आणि मैलांच्या सगळ्या नोंदी इंग्रजींत उतरून काढलेला एक जाड गठ्ठा काकूंनीं आधींच बांधून ठेवला होता. तो त्यांनीं पाहुण्याच्या हातीं दिला आणि मराठींतच म्हणाल्या, “गाडी तुमची. वह्या आमच्या.”

पाहुण्यांस शब्द कळले नसतील. त्यांनीं मान डोलावली, गठ्ठा पुढल्या बाकावर, जेथें आमची आजी मांडी घालून बसत असे तेथें ठेविला, आणि गाडी सुरू केली.